केरबाच्या मापाचा बूट

"ठेव पाय," अण्णा म्हणाले, आणि केरबानं पुठ्ठ्यावर उजवा पाय ठेवला.

दारात, खिडकीशी आणि ओट्यावर मिळून निदान तीस माणसं उभी होती. एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून सगळे त्या पायाकडं बघत होते. अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली आणि टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. पेन्सिल करंगळीला वळसा घालून पुढं आली तसा संपा तेली दबक्या आवाजात म्हणाला, "बोटं बघा, बोटं. पाचीच्या पाची सुटी."

"त्यानं काय होतंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"काय होतंय म्हणजे? बॉल पायाला चिकटून बसतोय. तुझ्या पायागत नव्हं, पुढं ढकलला की गटारीत."

"हलू नको रं," अण्णा केरबाला म्हणाले. "आणि तुम्ही सगळे जरा मागं सरा. उजेड येऊ द्या की."

कुणीही मागं सरलं नाही. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात चपलेच्या पट्ट्यावर वेणी घालत बसले होते, तिथंही दोघं येऊन टेकले होते. नंदीवेस तालमीचा नवा खेळाडू आमच्या घरात एका पायावर उभा होता, आणि पेठेतल्या एकाही माणसानं त्याला अजून खेळताना पाहिलेलं नव्हतं. पण आशा म्हणाल तर ती रस्त्यावर ओसंडून वाहत होती.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. इथं पेठेपेठेच्या तालमींचे संघ असतात, आणि माणूस तालमीचा असतो म्हणजे जन्मानंच असतो. आमची तालीम नंदीवेस. समोर कायमची काळकाई तालीम. त्या साली आम्ही अकरा वर्षांनी अंतिम सामन्यात पोचलो होतो, आणि पोचलो ते पापा मुजावरच्या जिवावर. पापा आमचा मधला खेळाडू. सगळा खेळ त्याच्या पायातून निघायचा. उपांत्य सामना जिंकला आणि तिसऱ्या दिवशी पापाचा दुबईचा व्हिसा आला. पेठ रडली, पण नोकरीला नको कोण म्हणणार? पापाला हार घालून पाठवलं आणि सगळे बंडू मास्तरांच्या तोंडाकडं बघत बसले.

बंडू मास्तर आमचे प्रशिक्षक. बोलणं मोजकं. ते एसटीनं राधानगरीकडच्या एका वाडीत गेले आणि संध्याकाळी केरबा चौगलेला घेऊन आले. वीस वर्षांचा, काळासावळा, मान खाली घालणारा. त्याचं नाव मास्तरांनी मोसमाच्या सुरुवातीलाच राखीव म्हणून नोंदवून ठेवलं होतं, म्हणे. गावाकडच्या मैदानात त्याला एकदा खेळताना बघितलं होतं त्यांनी. अडचण एकच होती. केरबा अनवाणी खेळायचा. पाय इतका पसरट की महाद्वार रोडवरच्या एकाही दुकानात त्याच्या मापाचा बूट मिळेना, आणि बुटाशिवाय पंच मैदानात उतरू देणार नाहीत. सामना सहा दिवसांवर आलेला.

म्हणून तो पाय आमच्या घरी आला. माझे वडील शामराव व्हटकर, सगळ्यांचे अण्णा. त्यांच्या हातची कोल्हापुरी चप्पल पुण्या-मुंबईपर्यंत जायची.

डाव्या पायाचं माप झालं आणि केरबा खाली बसला. बसल्यावर त्याची नजर अण्णांच्या पायांकडं गेली. "अण्णा, अंगठ्याला पट्टी कसली ओ?" त्यानं भाबडेपणानं विचारलं. "आणि तुम्ही एवढ्या चपला करता, मग अनवाणी का?"

दारातली तीस माणसं संपाकडं बघायला लागली. मग संपानं छाती पुढं काढली. संपा म्हणजे आमच्या सगळ्या पाठीराख्यांचा म्होरक्या, हलगी त्याच्या गळ्यातून उतरली तर फक्त झोपताना. "भावा, ते तुला ठाऊक पाहिजेच," तो म्हणाला. "अकरा साल झाली. फायनलला काळकाईनं शेवटच्या मिनिटाला गोल मारला. अण्णांनी तिथंच भर स्टेडियममध्ये पायातल्या वहाणा काढून भिरकावल्या. म्हणाले, काळकाईला हरवून करंडक पेठेत येत नाही तवर शामराव व्हटकर पायात वहाण घालणार नाही. तवापासनं बघ. ऊन नाही, पाऊस नाही."

"चपला करणारा माणूस!" दुसरा एकजण म्हणाला. "ह्याला म्हणायचं निष्ठा."

अण्णा पुठ्ठा उजेडाकडं धरून माप बघत राहिले. आतून आईनं भांडं आपटलं, त्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

आईला निष्ठेचं कौतुक राहिलं नव्हतं. अण्णांना साखर होती, आणि दोन वर्षांपासून तळपाय बधिर झाले होते. त्या जानेवारीत ते दुकानातून दुपारी जेवायला आले, हात धुतले, पाटावर बसले आणि आईनं बघितलं तर उंबऱ्यापासून पाटापर्यंत रक्ताची पावलं. अंगठ्यात खिळा घुसला होता. ते दुकानापासून तसेच चालत आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टर हेर्लेकरांनी पट्टी बांधता बांधता स्पष्ट सांगितलं, "शामराव, आणखी एक जखम झाली तर अंगठा ठेवता येणार नाही. आणि अंगठ्यावर थांबेल असं मी म्हणत नाही. उद्यापासून पायात काहीतरी घाला." अण्णांनी मान हलवली आणि दवाखान्यातून अनवाणी बाहेर पडले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. मी भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी संपाकडं गेले. म्हटलं, "तुम्ही सांगा अण्णांना. तालमीनं सांगितलं तर ऐकतील." संपा वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखर गंभीर होऊन ऐकलं. मग म्हणाला, "ताई, अण्णांच्या अंगठ्याची काळजी आम्हालाबी हाय. म्हणूनच तर फायनल मारायचीय. आता केरबा आलाय. अण्णांच्या पायात वहाण आलीच म्हणून समजा."

म्हणजे माझ्या बापाचा पाय केरबाच्या पायाला बांधला गेला होता, आणि केरबाचा पाय अजून पुठ्ठ्यावरच होता.

पुढचे चार दिवस पेठेला भूतबाधा झाल्यागत झालं. केरबानं सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळीच्या दोन प्लेटा खाल्ल्या, ती बातमी दहा वाजेपर्यंत आमच्या गल्लीत आली. "दोन प्लेटा! म्हणजे नव्वद मिनिटं पळणार." दुसऱ्या दिवशी त्यानं एकच खाल्ली. "बघा, पोटावर ताबा किती हाय." तो कुणाशी बोलायचा नाही. "मोठा खेळाडू बोलत नसतोय, पाय बोलतात." एकदा रस्त्यानं जाताना त्यानं डाव्या पायानं एक खडा उडवला आणि तो नेमका नाल्याच्या जाळीतून आत गेला. ज्या दोघांनी हे पाहिलं त्यांना संध्याकाळपर्यंत चहा स्वतः विकत घ्यावा लागला नाही. सरावाच्या वेळी मास्तर मैदानाचं फाटक बंद ठेवायचे, त्यामुळं खरं कुणालाच काही दिसत नव्हतं, आणि न दिसल्यामुळं उत्साहाला कुठं अडायला जागाच नव्हती.

कळस केला तो पेंटरनं. तालमीच्या भिंतीवर त्यानं केरबाचं सहा फुटी चित्र काढलं, खाली लिहिलं, 'आता बास, केरबा आला!' पेंटरनं केरबाला पाहिलं नव्हतं. कुणीतरी सांगितलेल्या वर्णनावरून त्यानं झुपकेदार मिशी काढली. केरबाला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चित्र आणि माणूस शेजारी उभे राहिल्यावर पेठ पेचात पडली. मग सर्वानुमते ठरलं की रंग महाग आहे, केरबानंच मिशी वाढवावी.

खोटं कशाला बोलू, मलाही ते वारं लागलं होतं. वेणी घालता घालता मी मनातल्या मनात केरबाला गोल मारायला लावायचे. पण हसून झालं की मला उंबऱ्यापासूनची ती पावलं आठवायची.

गुरुवारी दुपारी केरबा बुटाचं माप बघायला आला. अण्णा दोरा आणायला बाहेर गेले होते, आई शेजारी. मी त्याला चहा दिला. अर्धवट शिवलेल्या बुटात पाय घालून तो बाकावर बसला होता, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं बसतात तसा अवघडला होता.

"केरबा, खरं सांग," मी म्हटलं. "तू चांगला खेळतोस काय?"

"गावात बरा खेळतोय, ताई. पण बुटात कधी खेळलो नाही. काल सरावाला कुणाचा तरी फाटका बूट घालून पळालो, तीनदा पडलो." त्यानं कप खाली ठेवला. "मला भिंतीवर काढलंय, ताई. मिशी बी काढलीय."

"काळकाईला हरवशील?"

"काय सांगू? मी त्यांना बघितलं बी नाही अजून."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. सगळी पेठ ज्याच्या भरवशावर गुलालाची पोती आणून बसली होती, त्याला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं. मग मी जवळ सरकून त्याला अण्णांच्या अंगठ्याची सगळी हकीकत सांगितली, आणि त्याच्याकडं एक गोष्ट मागितली. त्यानं ऐकून घेतलं. बुटाच्या टोकावरून बोट फिरवलं.

"मार खाईन की मी, ताई."

"मार पडला तर माझं नाव सांग."

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला, कप विसळून ठेवला आणि गेला. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता सगळा संघ तालमीत जमला. बाहेर ट्रक उभा, ट्रकवर पिवळे-निळे झेंडे, हलग्यांचा कडकडाट. आमच्या तालमीची एक रीत पडून गेली होती. मैदानावर निघण्यापूर्वी प्रत्येक खेळाडू आधी मारुतीच्या पाया पडायचा आणि मग अण्णांच्या. अनवाणी पायांच्या. त्या पायांत तालमीचं नशीब बांधलंय अशी सगळ्यांची समजूत. मी आणि आई तालमीच्या दारात उभ्या होतो, बायका आत जात नसत.

दहा जण पाया पडून झाले. अकरावा केरबा. तो आला, वाकला, पाया पडला आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसला. नवे कोरे बूट त्याच्या मांडीवर होते. काय देखणे झाले होते! तळाला चामड्याच्या चकत्या, कडेनं पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण.

"घाल की बूट," बंडू मास्तर म्हणाले. "ट्रक थांबलाय."

"अण्णांनी पायात घातल्याबिगर मी घालत नाही," केरबा म्हणाला. बूट त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. "मला बूट शिवणारा माणूस अनवाणी, आणि मी बूट घालून मिरवू? नाही जमायचं."

हलगी थांबली. संपा पुढं आला. "येड लागलं काय तुला? अकरा सालाचा नवस हाय तो! आज, फायनलच्या दिवशी, मोडायचा?"

"मोडू नका. मी अनवाणी खेळतोय."

"पंच काढतील की बाहेर!"

"मग बाहेर बसतोय."

एकच गोंधळ उडाला. कुणी केरबाला समजावत होतं, कुणी मास्तरांवर ओरडत होतं, एकजण मारुतीला कौल लावा म्हणत होता. अण्णा मात्र खांबाला टेकून शांत उभे होते. त्यांनी केरबाकडं पाहिलं आणि मग का कुणास ठाऊक, दारात माझ्याकडं. मी झटकन ट्रककडं बघायला लागले.

"अण्णा," मास्तरांनी शेवटी विचारलं, "नवस कुठल्या देवाला बोलला होता?"

अण्णा जरा विचारात पडले. "देवाला कुठं? काळकाईच्या गोलकीपरला बोललो होतो. तोंडावर."

"तो कुठं असतोय आता?"

"लग्न होऊन इचलकरंजीला गेला की. सासऱ्याचा यंत्रमाग हाय."

दोघंतिघं फसकन हसले. संपा हसला नाही. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पण मास्तर, अण्णांच्या पायावरच तर सगळं हाय ओ. अकरा साल..."

"अकरा साल अनवाणी हिंडलं माझं माणूस!" आईचा आवाज तालमीत घुमला. जन्मात पहिल्यांदा ती उंबरा ओलांडून आत गेली होती. "एकदा तरी जिंकलासा काय? एकदा?"

संपानं बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. खरं म्हणजे हा हिशेब इतका सोपा होता की तो अकरा वर्षांत कुणीच केला नव्हता.

अण्णा हळूच म्हणाले, "उजे, दुकानातनं जोड आण."

"आणतो!" मी ओरडले आणि पळत सुटले. आमच्याकडं बायकाही आणतो-जातो म्हणतात, पण इतक्या मोठ्यानं मी कधी म्हटलं नव्हतं. आठ नंबर आणला, कारण अण्णांचं माप आठ. बसेना. पुन्हा पळाले, नऊ आणला. बोटं आत जाईनात. अकरा वर्षांत पाय पसरून गेले होते आणि गावाला मापाच्या चपला देणाऱ्या माणसाला स्वतःचं माप ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा दहा नंबर आणला, तो बसला. अण्णा चार पावलं चालले. पाय उचलून उचलून टाकत होते, ओल्या फरशीवरून मांजर चालते तसे. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळी तालीम हसायला लागली, संपासुद्धा. केरबानं बूट चढवले. ट्रक सुटला.

त्या सामन्याबद्दल आमच्या पेठेत आजही कुणाला विचारा, तो तुम्हाला बसवून घेईल. मी थोडक्यात सांगते. पहिल्या अर्ध्या तासात केरबा चार वेळा पडला आणि काळकाईनं दोन गोल मारले. त्यांचे लाल झेंडे नाचत होते. आमच्याकडं एकजण म्हणाला, "अंदाज घेतोय तो." पाचव्यांदा पडला तेव्हा तोच माणूस म्हणाला, "मैदानाची ओळख करून घेतोय." केरबा दर पाच मिनिटांनी खाली बसून डाव्या बुटाची नाडी आवळायचा, तर संपा म्हणाला, "स्टाईल हाय त्याची." पुढच्या महिन्यात पेठेतली सगळी पोरं उगीचच खाली बसून नाड्या आवळत होती.

मध्यंतरानंतर काय झालं देव जाणे. त्याच्या पायाला बुटाची सवय झाली असेल, किंवा भीती संपली असेल. त्यानं मध्यातून एक चेंडू असा दिला, की तीन लाल सदरे नुसते बघत राहिले आणि आमच्या पुढच्या पोराला फक्त पाय लावायचा राहिला. दोन-एक. स्टेडियममध्ये आई माझ्या शेजारी होती. फुटबॉलचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारी माझी आई बाकड्यावर चढली होती. "दे की रं तिकडं! तिकडं मोकळा हाय त्यो!" सामना संपायला आठ मिनिटं असताना केरबानं स्वतः लांबून मारला. चेंडू खांबाला लागून आत. दोन-दोन! मी कुणाला मिठी मारली मला माहीत नाही, ते गृहस्थही कोण होते मला आजतागायत कळलेलं नाही.

टायब्रेकर लागला. त्यांचे पाच फटके झाले, चार आत. आमचे चार झाले, तीन आत. शेवटचा केरबाचा. हा आत गेला तर बरोबरी. केरबा खाली बसला, डावी नाडी आवळली, उठला, पळत आला आणि डाव्या पायानं सगळा जीव ओतून फटका मारला.

चेंडू गोलखांबावरून भिंतीपार गेला. बूट सरळ जाळीत गेला.

हो, बूट. पायातून सुटून, गोलकीपरच्या उजव्या हाताला, अगदी कोपऱ्यात. गोलकीपरनं बुटासाठी उडीसुद्धा मारली. क्षणभर कुणालाच कळेना की ओरडायचं की रडायचं. आमच्यातली निम्मी माणसं गोल म्हणून नाचायलाही लागली होती. मग काळकाईचे झेंडे उसळले आणि आम्हाला कळलं की आम्ही हरलो.

केरबा एक पाय अनवाणी, एका पायात बूट, असा तिथंच बसून हुंदके देत होता. आमची माणसं कुंपण ओलांडून मैदानात उतरली, पण त्याच्याजवळ कुणी जाईना. सगळे उभे राहिले आणि एकेक करून अण्णांच्या पायांकडं बघायला लागले. माझ्या मनात आलं, आता अण्णा वाकतील, चपला काढतील आणि आणखी अकरा वर्षं. तितकी वर्षं त्या पायांकडं नव्हती.

अण्णा सगळ्यांच्या मधून चालत गोलपर्यंत गेले. जाळीतून बूट काढला, आत हात घातला आणि तळ अंगठ्यानं दाबून बघितला. मग परत येऊन केरबासमोर उकिडवे बसले.

"पोरा, रडू नको. तुझी चूक नाही," ते म्हणाले. "डावा बूट अर्धा बोट ढिला झालाय. माझ्या हातनं."

"असं कसं होईल अण्णा?" संपा म्हणाला. "तुमच्या हातनं?"

"होणारच की. पूर्वी एकेक तळ पायात घालून चार पावलं चालून बघायचो मी. कुठं दाबतोय, कुठं ढिला पडतोय, ते हाताला नाही कळत, पायालाच कळतंय. अकरा साल माझ्या पायाला चामडं लागलेलं नाही." त्यांनी बूट उलटा करून झटकला. "माझ्या नवसानं घालवला बघा करंडक. केरबानं नाही."

संपानं विचारलं, "मग अण्णा, आता नवसाचं काय?"

"नवस काय वाईट नाही," अण्णा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. "पण मी दमलो. आता तू धर."

संपानं आपल्या पायातल्या चपलांकडं पाहिलं. शेजारच्यानं स्वतःच्या पाहिल्या. पाच-पन्नास माणसं भर मैदानात माना खाली घालून आपापल्या चपलांकडं बघत उभी राहिली. एकानंही काढली नाही. मग कुठूनतरी हसू फुटलं आणि पसरतच गेलं. केरबाही रडता रडता हसला. त्याला खांद्यावर घेतला, एका पायात बूट तसाच, आणि हरलेल्या संघाची मिरवणूक निघाली. काळकाईवाले करंडक हातात धरून आमच्याकडं बघत राहिले, जिंकलंय कोण नक्की?

वाटेत अण्णा माझ्या शेजारी आले. "केरबाला तू सांगितलंतंस," ते म्हणाले.

मी मिरवणुकीकडं बघायला लागले.

"तो वाडीचा पोरगा. एवढं लांबलचक वाक्य त्याच्या डोक्यातनं निघालेलं नाही." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "नवस बोलल्याच्या दुसऱ्या दिवशीच पस्तावलो होतो, उजे. पण सकाळी उठलो तर दारात हार घेऊन सगळी तालीम. मग वहाण कुठल्या तोंडानं घालायची? अकरा साल वाट बघितली, कुणीतरी भरल्या तालमीत घाला म्हणेल म्हणून."

मला त्यांच्यावर राग आला, आणि त्यांचा हात धरावासाही वाटला. मी हात धरला.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. अण्णा ओट्यावर बसले. आई पाय धुवायला कोमट पाणी घेऊन आली. त्यांनी चपलेत पाय हलवला आणि तोंड वाकडं केलं. "करंगळीपाशी चावायलीय," ते कुरकुरले. "नवी हाय. चावणारच."

आई घागर धरून तशीच उभी राहिली. "काय म्हणालासा?"

"चप्पल चावायलीय म्हटलं."

तिनं घागर ठेवली, खाली बसली आणि करंगळी धरून दाबली. "हितं?"

"आई गं! हळू की!"

"लागलं?" आईचा आवाज फुटला. "तुम्हाला लागलं?"

अण्णा तिच्याकडं बघत राहिले, मग स्वतःच्या पायाकडं. जो पाय दोन वर्षं बधिर होता, ज्यात घुसलेला खिळाही कळला नव्हता, त्याची करंगळी दुखत होती. "लागलं की," ते नवलानं म्हणाले.

आई रडायला लागली, रडता रडता हसायला लागली, आणि तशीच रस्त्यावर धावली. "संपा! अरे संपा! ह्यांना चप्पल चावली!"

संपा गळ्यात हलगी घालून कोपऱ्यावर मान पाडून उभा होता. त्याला आधी काही कळलं नाही. मग कळलं. गुलालाची पोती तशीच बांधून पडलेली होती, त्यातलं पहिलं त्यानं फोडलं. आम्ही करंडक हरलो त्या संध्याकाळी आमच्या पेठेत रस्ता लाल होईस्तोवर गुलाल उधळला गेला, तो अण्णांच्या करंगळीसाठी.